'बांबूची कांडी' म्हणजे पिवळा पितांबर?

रामबाग : नागालँडच्या, कमरेला बांधून विणायच्या मागासाठी मराठी माहितीपाटी लिहायची आहे. आडवं सूत गुंडाळलेल्या काठीला 'बांबूची कांडी' म्हटलं तर द्विरुक्ती होईल का? की हिंदीतलं 'नरी' घ्यावं?

लोकमान्य नगर : द्विरुक्ती नाही. दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडं, मग ते उसाचं असो की बांबूचं. कांडी त्याच घरातली. पण प्लास्टिकच्या कांड्या आल्या आणि शब्द बांबूपासून सुटला. सोलापुरात 'कांड्या भरणं' अजून चालतं, कांडीत बांबू औषधालाही नसला तरी. 'नरी' ही नळीच, तेव्हा तिथेही मूळ पोकळ देठाचंच. मराठी पाटीवर मात्र कांडीच बरी.

राजेंद्र नगर : थांबा, वस्तूच वेगळी आहे. कांडी धोट्याच्या, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या होडीसारख्या साधनाच्या, पोटात बसते आणि धोट्याबरोबर धावते. महेश्वरच्या मागावर तसंच आहे, तिथे धोट्याला ढरकी म्हणतात. नागा मागावर होडीसारखा धोटा नसतो. सूत गुंडाळलेली काठीच ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, आरपार सारतात. तिला 'आडव्या सुताची काठी' म्हणा. धोटा तर मुळीच लिहू नका. या मागाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून शालीला पट्ट्या विणून जोडाव्या लागतात. ताण्याचे धागे वेगळे ठेवणारा जाड पोकळ बांबू निराळा, दोऱ्याचे फास ओवलेली बारीक काठी निराळी. दुसरीला आपल्याकडे 'वही' म्हणता येईल, पण वाचकाला हिशेबाची वही आठवेल. तिथे कंसात काम लिहा.

लोकमान्य नगर : मान्य, माझी घाई झाली. धोट्यातली खरी कांडी दाखवणार असाल तर बांबू जून हवा. कोवळा वाळताना आकसतो, चिरतो, शिवाय त्यातल्या पिठूळ अंशामुळे भुंगा लागतो. आधी पाण्यात मुरवून मग सावलीत वाळवायचा. दोन्ही पेरं वगळून कापायचा म्हणजे नळी आरपार राहते. कडेला कुसळ राहिलं की सूत अडकून तुटतं. कांडी सैल भरली तर वेटोळी एकदम घसरतात आणि कापडाच्या काठाशी गुंता होतो.

रामबाग : आणि रंगवताना सुताच्या लडी ज्यावर टांगतात तो बांबू? त्याला काही नाव?

राजेंद्र नगर : साधी 'काठी' पुरे, उगाच संस्कृत शब्द घडवू नका. पण काम नीट लिहा. पेरं तासून गुळगुळीत करतात, नाहीतर लडीचे धागे ओढले जातात. काठीवर टेकलेला भाग रंगाबाहेर राहतो, म्हणून लड सतत फिरवावी लागते. विसरलं की फिका पट्टा उमटतो. ओडिशातल्या कोटपाडला आल नावाच्या झाडाच्या मुळांनी लाल आणि त्यातच हिराकस (लोहाचा क्षार) घालून काळपट रंग करतात. हिराकशीची काठी वेगळी ठेवावी. बांबूत मुरलेलं लोह पुढच्या लाल रंगात उतरतं आणि तो मळकट होतो.

लोकमान्य नगर : फणीही पाटीवर घ्या. बांबूच्या कामट्या ओळीत बांधून केलेली, ताण्याचे धागे सारख्या अंतरावर ठेवणारी. हिंदीत तिला 'कंघी'च म्हणतात. लोखंडी फणीला ताण्याला लावलेल्या ओल्या खळीने गंज चढतो, बांबूच्या फणीला नाही. पण सुताने कामटीला खाच पडली की तीच धागा कापते. एक कामटी बदलली तरी भागतं. नागा मागाच्या पाटीवर मात्र फणी नको, तिथे सूत लाकडी पट्टीने ठोकून बसवतात.