एकच नेटवर्क लायब्ररी सगळ्यांना पुरवायची, की ज्याची त्याने बघायची?

घाटावरचा_कोडर (धागाकर्ता)

आमच्या कंपनीत तीन प्रॉडक्ट: विंडोजवरचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर, कारखान्यात बसवायचा लिनक्स गेटवे (तिथली यंत्रं सर्व्हरला जोडणारा डबा) आणि अँड्रॉइड-आयओएस ॲप. सर्व्हरशी बोलायचं काम तिघांनी वेगवेगळं कशाला करायचं, म्हणून एका सीनियरने लिबकर्लवर (नेटवरून देवाणघेवाण करणारी तयार लायब्ररी) सी प्लस प्लसचा एक थर चढवला. रिट्राय, टाइमआउट, लॉगिन टोकन, सगळं त्यात. तो सीनियर सोडून गेला आणि थर माझ्या गळ्यात आला.

माझं मत: मोडीत काढा. त्या त्या प्लॅटफॉर्मवर रुळलेली लायब्ररी वापरा: विंडोजवर विनएचटीटीपी, आयओएसवर यूआरएलसेशन, अँड्रॉइडवर ओकेएचटीटीपी आणि लिनक्सवर थेट लिबकर्ल. ज्याचं त्याने बघावं.

मन उडालं ते ३० सप्टेंबर २०२१ ला. वेबसाइटांना मोफत सुरक्षा सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची जुनी साखळी ज्या रूट सर्टिफिकेटवर (सगळ्यांत वरच्या, ज्यावर बाकीच्यांचा विश्वास टिकतो त्यावर) टेकलेली होती, त्या डीएसटी रूट सीए एक्स३ ची मुदत त्या दिवशी संपली. विंडोजवाले खुशाल, फोनवाले खुशाल. चाकणच्या गेटवेंवर मात्र सर्टिफिकेट तपासायला ओपनएसएसएल या लायब्ररीची जुनी १.०.२ आवृत्ती होती. ते सर्व्हरने पाठवलेल्या साखळीवरून चढत चढत मेलेल्या रूटपाशी जातं आणि तिथेच अडून बसतं, नवं धडधाकट रूट शेजारी ठेवलेलं असलं तरी. आमचा कोड तोच, आवृत्ती तीच. मग सामाईक काय होतं? फक्त शिव्या खाणारा माणूस.

टीसीपी_तात्या

साफ असहमत. त्या दिवशी ज्याच्याकडे १.०.२ होतं, तो आडवा झालाच, थर असो वा नसो. १.०.२ चा मोफत सपोर्ट २०१९ च्या अखेरीलाच संपला होता. पावणेदोन वर्षं गेटवेची इमेज (त्यावरचं सगळं सॉफ्टवेअर) कुणी हलवली नाही, त्याचं खापर लायब्ररीवर का?

आणि ज्याच्यावर तुमचा थर उभा आहे त्या लिबकर्लकडेच बघा की. डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश माणसाने मार्च १९९८ मध्ये कर्ल बाहेर काढलं, २००० साली त्यातून लायब्ररी वेगळी केली. शंभराहून जास्त ऑपरेटिंग सिस्टिमांवर चालते. २००६ नंतर त्यांनी एबीआय मोडलेला नाही. म्हणजे तेव्हा लिंक केलेला प्रोग्रॅम आजच्या लायब्ररीबरोबर चालावा ही हमी! आपल्याकडे दोन स्प्रिंटमागचा एपीआय टिकत नाही. सामाईक लायब्ररी अशक्य असती तर ही कशी उभी राहिली?

११ ऑक्टोबर २०२३ आठवा. लिबकर्लच्या सॉक्स५ प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरमार्फत जोडणीच्या) कोडमधला हीप ओव्हरफ्लो, म्हणजे मेमरीत हद्दीबाहेर लिहिणारं भोक, दुरुस्ती ८.४.० मध्ये. आम्ही एका ठिकाणी आवृत्ती बदलली, सगळी बिल्डं चालवली आणि संध्याकाळी घरी गेलो. चार वेगळे स्टॅक असते तर ‘आपल्याला हे लागू आहे का’ हे ठरवायलाच चार मीटिंगा.

घाटावरचा_कोडर

तात्या, विनएचटीटीपी आणि यूआरएलसेशनची भोकं बुजवायला मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल बसलेत. ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाली की माझं काम झालं. तुम्ही संध्याकाळी घरी गेलात, मी घरातून हललोच नसतो.

आणि स्टेनबर्ग यांचं उदाहरण दिलंत तर पुरतं द्या. ते ‘नाही’ही तितकंच म्हणतात. २०२३ मध्ये एनएसएस आणि जीएसकिट या दोन टीएलएस बॅकएंडचा (जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या खालच्या लायब्ररींचा) सपोर्ट काढला. हायपर नावाचा रस्ट भाषेतला एचटीटीपी बॅकएंड चारेक वर्षं जोपासला आणि वापरणारे मिळेनात म्हणून सोडून दिला. २०२५ मध्ये टीएलएसची १.३ ही नवी आवृत्ती न येणारे बॅकएंड गेले: बेअरएसएसएल आणि ॲपलचं सिक्युअर ट्रान्सपोर्ट. आमची आयओएस बिल्ड याच सिक्युअर ट्रान्सपोर्टवर होती! त्यांनी योग्यच केलं, पण निर्णय त्यांचा आणि धावपळ माझी. मी मात्र कुणाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. विंडोज ७ वरचा एक ग्राहक आहे, सेल्सवाले त्याचं नाव काढलं की हात जोडतात.

निळी_शाई

आयओएसवर काम करते, म्हणून चार शब्द. सामाईक लायब्ररी ज्याच्या मशीनवर जन्मते त्याच्याच सवयी घेऊन येते, आणि फोनवाले कायम सावत्र.

आधीच्या कंपनीत सर्व्हरवाल्यांनी लिहिलेली सी++ लायब्ररी ॲपला ‘फुकट’ मिळाली होती. आत पत्ता ठेवायला नुसतं आयपीव्ही४ चं (इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचं) स्ट्रक्चर. ॲपलने १ जून २०१६ पासून केवळ आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असलेल्या नेटवर्कवर ॲप चाललंच पाहिजे असा नियम केला, आणि आमचं ॲप रिव्ह्यूतून परत आलं. लायब्ररीवाल्यांचं उत्तर: ‘आमच्याकडे चालतंय.’

माणूस लिफ्टमध्ये शिरला की वायफाय जातं, बाहेर आला की मोबाइल डेटा असतो. यूआरएलसेशनला ‘नेट येईपर्यंत थांब’ असं नुसतं सांगून ठेवता येतं. उघड्या सॉकेटवर, म्हणजे नेट जोडणीच्या अगदी खालच्या पातळीवर, ते सगळं हाताने करायचं, आणि कुणीच नीट करत नाही. मी धागाकर्त्याच्या बाजूने.

अर्धा_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तात्या, सोडू नका.

जुना_बग

दोन्ही बाजूंनी ‘नेटवर्किंग’ या एका शब्दात दोन वेगळी कामं कोंबली आहेत. बाइट कसे न्यायचे हे एक, आणि कधी, किती वेळा, कुठल्या ओळखीने न्यायचे हे दुसरं. पहिलं खुशाल प्लॅटफॉर्मवर सोडा. दुसरं सोडलं तर काय होतं ते मी भोगलंय.

आमच्याकडे तीन टीमनी तीन रिट्राय लिहिले होते. दोघांनी फक्त गेटला (नुसती माहिती मागणाऱ्या विनंतीला) पुन्हा प्रयत्न ठेवला. तिसऱ्याने पोस्टलाही (नवी नोंद करणाऱ्या विनंतीला). टाइमआउट झाला म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलंच नाही, असं त्याने गृहीत धरलं. पोचलं होतं. इनव्हॉइस दोनदा बनलं, मार्च अखेरीला. अकाउंट्सच्या मॅडम माझ्या डेस्कपाशी प्रिंटआउट घेऊन उभ्या राहिल्या, दोन्ही कागद, एकच रक्कम. त्यानंतर प्रत्येक मागणीला एक न बदलणारा क्रमांक लावायचा आणि सर्व्हरने दुसऱ्यांदा तोच क्रमांक दिसला तर जुनंच उत्तर द्यायचं, हे ठरलं. ठरलं म्हणजे एका ठिकाणी लिहिलं गेलं. हे चार भाषांत चार वेळा लिहिणार?

थेट लिबकर्ल वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: कर्ल_इझी_सेटऑप्टला (लिबकर्लची सेटिंग ठरवणारं फंक्शन) बरेचदा लाँग लागतो आणि लोक इंट देतात (दोन्ही पूर्णांकाचे प्रकार). विंडोजवर दोन्ही ३२ बिटचे, म्हणून तिथे कधीच काही होत नाही. ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटचा. बहुतेक वेळा नशिबाने निभावतं, आणि एक दिवस वरच्या अर्ध्यात कचरा निघतो. थरात हे एकदा नीट लिहिलं की पोरांनी बाहेरून काय वाटेल ते द्यावं.

टीसीपी_तात्या

जुना_बग, कागदावर छान आहे. आता चुका एका भाषेत आणा बघू. होस्टचं (सर्व्हरचं) नाव सापडलं नाही: लिबकर्ल म्हणतं चूक क्रमांक ६, विनएचटीटीपी १२००७, आयओएस उणे १००३, जावा अख्खं एक्सेप्शन फेकतं. बरं, फोन विमान मोडमध्ये असेल तर आयओएस उणे १००९ देतं, म्हणजे ‘नेटच नाही’. लिबकर्ल तरीही ६ च सांगतं, बिचाऱ्याला डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) लागला नाही एवढंच कळतं. तुमचं रिट्रायचं धोरण या दोन गोष्टींना वेगळं वागवणार की एकसारखं? हा तक्ता कुणीतरी सांभाळायचा, चार प्लॅटफॉर्मवर तपासायचा. म्हणजे लायब्ररी गेली नाही, नुसती जाड झाली.

निळी_शाई, तुमचा मुद्दा मान्य. पण तो ‘फोनवाला टीममध्ये नव्हता’ असा मुद्दा आहे. आमच्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून एक होता.

निळी_शाई

तुमच्या टीममध्ये माणसं किती, तात्या?

टीसीपी_तात्या

पाच. पूर्ण वेळ.

घाटावरचा_कोडर

इथेच गाडं अडतं. आमच्याकडे मी, तेही अर्धा वेळ. उरलेला अर्धा गेटवेच्या टीमला दिलेला आहे. बग आला की तिन्ही प्रॉडक्टचे मॅनेजर मला ‘आपली लायब्ररी’ म्हणून फोन करतात, आणि बजेटच्या मीटिंगमध्ये तीच ‘त्याची लायब्ररी’ होते. तात्या, पाच माणसं मिळाली तर मी हा धागा आजच्या आज मागे घेतो.

जुना_बग यांचं रिट्राय आणि टोकनपुरतं पटलंय. तेवढा भाग ठेवेन, पाचसहाशे ओळी असतील. खालचं फोनवर आधी बदलतो, कारण तिथे तसाही नवा टीएलएस बांधायचाच आहे. विंडोज सध्या हलवत नाही. चुकांचा तक्ता करावा लागणार हे कबूल, आणि तो करताना तात्यांची आठवण निघणार.

जुना_बग

क्रमांकाचं सर्व्हरकडून आधी करून घ्या. ॲप आधी सुटलं तर तुमच्याही डेस्कपाशी मॅडम येतील.

अर्धा_चहा

त्या चाकणच्या गेटवेंचं पुढे काय झालं?

घाटावरचा_कोडर

गेटवेच्या सर्टिफिकेट स्टोअरमधून जुनं रूट काढून टाकलं की १.०.२ मुकाट्याने नवं धरतं, तेवढंच केलं. पण सर्व्हरशी संपर्कच बंद म्हणून दुरून शिरता येईना. एकेका ठिकाणी लॅपटॉप घेऊन गेलो. एका कारखान्यात गेटपास मिळायलाच दुपार झाली, आणि लॅपटॉप आत न्यायची परवानगी वेगळी लागते हे आत गेल्यावर कळलं.