टी-३४ वरचा हिवाळी पांढरा रंग खरवडला जात नाही

प्रश्न: टी-३४/८५ या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ प्रमाणातलं मॉडेल. हिरव्या रंगावर हेअरस्प्रे (तो पाण्याने सुटतो, म्हणजे वरचा रंग झिजल्यासारखा खरवडता येतो), त्यावर लॅकर थिनर या तीव्र द्रावकाने पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक पांढरा. दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने घासलं, काहीच निघेना. का?

उत्तर १: थिनरमुळे. तो हेअरस्प्रेचा थर भेदतो आणि पांढरा थेट हिरव्याला धरतो. पांढरा पाण्यातच पातळ करा. हिरव्यावर आधी वॉर्निश, ते पक्कं वाळल्यावर हेअरस्प्रेचे २ हलके हात, १५-२० मिनिटांनी पांढरा. तासाभरात कोमट पाण्याने भिजवून राठ, आखूड ब्रशने घासा. रात्रभर ठेवलात की रंग कडक होतो.

उत्तर २: सगळीकडे सारखं खरवडू मात्र नका! खऱ्या रणगाड्यावर रंग आधी झिजायचा तो हॅचच्या (वरच्या झाकणांच्या) कडांना आणि फेंडरवर (पट्ट्यांवरच्या मडगार्डवर), जिथे सैनिक चढत-उतरत. शेवटी मॅट वॉर्निश माराच, नाहीतर पाण्याचा हात लागताच पांढरा पुन्हा सुटेल.