कोड चालला, एरर नाही, तरी सरासरी वय चुकलं. एआयने लिहिलेला कोड तुम्ही तपासता कसा?

प्रश्न

मधुमेहाच्या रुग्णांच्या पाठपुराव्याचा एक अभ्यास चालू आहे, त्यातलं डेटाचं काम माझ्याकडे आहे. मी मूळची संख्याशास्त्राची, प्रोग्रामिंग गरज पडली म्हणून शिकले. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि पांडाज हे त्यातलं तक्ते हाताळायचं साधन आठ वर्षं वापरतेय. गेलं वर्षभर मात्र बराचसा कोड एआय असिस्टंटकडूनच लिहून घेते.

दोन तक्ते आहेत. एकात दर रुग्णाची एक ओळ: वय, लिंग, केंद्र. दुसऱ्यात दर भेटीची एक ओळ: तारीख, वजन, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी). मी असिस्टंटला सांगितलं, दोन्ही जोड आणि केंद्रवार सरासरी वय व सरासरी एचबीएवनसी काढ. चार ओळींचा नीटस कोड आला, पहिल्या झटक्यात चालला, आणि आकडे मी अहवालाच्या मसुद्यात टाकले.

आमच्या टीममधल्या डॉक्टरबाईंनी मसुदा वाचला आणि विचारलं, "६१? आपले पेशंट एवढे वयस्क कुठे आहेत गं?" त्या या माणसांना रोज बघतात. मी नुसत्या रुग्णांच्या तक्त्यावरून सरासरी काढली, तर ५४. झालं होतं ते असं की जोडणीनंतर ज्याच्या नऊ भेटी, त्याचं वय नऊदा मोजलं गेलं. वयस्क माणसं जास्त वेळा येतात, त्यामुळे सरासरी वर सरकली. यात एरर यायचं कारणच नाही, पांडाजने सांगितलं ते इमानाने केलं.

मग मी असिस्टंटला विचारलं, कोड बरोबर आहे का? म्हणाला, हो. म्हटलं, वय चुकतंय. लगेच माफी मागून नवा कोड दिला, त्यात केंद्र आणि वय सारखं असलेल्या ओळी काढून टाकल्या होत्या. म्हणजे एकाच केंद्रातले ५२ वर्षांचे दोन वेगळे रुग्ण एकच झाले!

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. स्वतः एकेक ओळ टाइप करताना, मध्येच तक्ता उघडून बघताना माझी डेटाशी ओळख व्हायची. कुठल्या केंद्रात तारीख उलटी लिहितात, कुठल्या रकान्यात ९९९ म्हणजे 'माहीत नाही', हे अंगवळणी पडायचं. या वेळी ते झालंच नाही. असिस्टंट वापरणं सोडायचं नाहीये, वेळ खरंच वाचतो. पण त्याचा कोड तुम्ही कशावर घासून बघता?

उत्तर १

तुमच्या डॉक्टरबाईंनी केलं तेच काम कोडच्या आधी करायचं. आकडा साधारण किती यायला हवा हे आपण आधी लिहून ठेवायचं, मग असिस्टंटला विचारायचं. आकडा समोर आल्यावर मन त्याला कारणं शोधतं. ६१ पाहिल्यावर 'असेल, मधुमेह आहे ना' असं कुणालाही वाटेल.

दुसरं, प्रत्येक तक्त्याबद्दल एक प्रश्न: इथे एक ओळ म्हणजे काय? एक रुग्ण, एक भेट, की एक तपासणी? मी हे वाक्य प्रॉम्प्टच्या, म्हणजे असिस्टंटला देतो त्या सूचनेच्या, अगदी वर लिहितो, आणि जोडणीनंतर एक ओळ म्हणजे काय व्हायला हवी तेही. तुमच्या बाबतीत 'जोडल्यावर एक ओळ म्हणजे एक भेट' एवढं लिहिलं असतं, तर वयाची सरासरी त्या तक्त्यावर काढायची नाही हे तुमचं तुम्हालाच दिसलं असतं.

जोडणीत पांडाजची स्वतःची सोय आहे, ती असिस्टंट आपणहून क्वचितच घालतो. मर्ज या जोडणीच्या आज्ञेत 'व्हॅलिडेट' द्या. रुग्णांच्या बाजूला एक ओळ आणि भेटींच्या बाजूला अनेक अशी अट घातली, की एखादा रुग्ण दोनदा नोंदलेला असेल तर कोड तिथेच थांबतो. 'इंडिकेटर' चालू केला, की कुठली ओळ कुठल्या तक्त्यातून आली त्याचा रकाना मिळतो. नाहीतर मर्ज मुळात फक्त जुळणाऱ्याच ओळी ठेवतो, बाकीच्या न सांगता जातात. आणि रुग्ण क्रमांक दोन्हीकडे रिकामा असेल, तर पांडाज त्या रिकाम्या ओळीही एकमेकींना जोडतो. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत असं होत नाही, त्यामुळे तिकडून आलेले लोक इथे हमखास फसतात.

शेवटचं, सहा ओळींचा खोटा तक्ता. त्यात मुद्दाम खोड्या घालायच्या: एकाच वयाचे दोन रुग्ण, एकही भेट नसलेला एक, केंद्र न लिहिलेला एक. उत्तर कागदावर हाताने काढायचं आणि असिस्टंटचा कोड त्यावर चालवायचा. हा तक्ता असिस्टंटकडून बनवून घेऊ नका. त्याच्या समजुतीत जी गफलत असेल तीच तक्त्यातही उतरते. याने आणखी एक साधतं: खऱ्या रुग्णांची एकही ओळ बाहेर द्यावी लागत नाही. रकान्यांची नावं, त्यांचे अर्थ आणि हा खोटा तक्ता एवढ्यावर काम भागतं.

उत्तर २

एरर देणाऱ्या चुकांची मला भीती वाटत नाही. असिस्टंट अजूनही अधूनमधून डेटाफ्रेमचं (पांडाजमधल्या तक्त्याचं) 'अपेंड', म्हणजे ओळी जोडायची जुनी आज्ञा, सुचवतो. ते २०२३ साली पांडाज २.० मधून काढलंय, कोड लगेच अडतो, विषय संपला. गप्प बसणाऱ्या चुका वाईट. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) नमपाय या पायथनच्या गणिताच्या साधनात काढलं तर मुळात एन ने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने, भागतो, पांडाजमध्ये एन वजा १ ने. असिस्टंटने मध्येच एक सोडून दुसरं वापरलं तर लहान गटांत आकडे सरकतात आणि कळतही नाही. तारखांचंही तसंच, ०३/०४ ला पांडाज न सांगता ४ मार्च समजतो. तुमच्याकडे उलट्या तारखा आहेत म्हणता, तर हे आजच बघा.

उत्तर ३

मी थोडी वेगळ्या मताची आहे. 'मी स्वतः लिहिताना ही चूक केली नसती' असा तुमच्या प्रश्नाचा सूर वाटतो, तो मला तितकासा पटत नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या कर्ज व आर्थिक वाढीवरच्या निबंधात एक्सेलच्या सूत्राची कक्षा कमी पडून पाच देश सरासरीतून गळले होते, आणि तेव्हा कुठलाही असिस्टंट नव्हता. २०१३ साली ते उघडकीला आलं, कारण एका विद्यार्थ्याने मूळ शीट मागून घेतली आणि गणित पुन्हा केलं. म्हणून मी असिस्टंटशी झालेलं बोलणं, त्याने दिलेला कोड आणि मी केलेले बदल हे सगळं विश्लेषणाच्या फोल्डरमध्येच ठेवते.

आलेखांची सजावट, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं), दुसऱ्या कुणाचा आर या भाषेतला जुना कोड समजून घेणं, हे मी बिनधास्त त्याच्यावर सोपवते. चुकलं तर डोळ्यांना दिसतं. सरासरीतली चूक दिसत नाही, म्हणून गाळणं, जोडणं आणि गट करणं या तीन पायऱ्या मी हातानेच लिहिते. तुमची डेटाशी ओळखही तिथेच होत असणार.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सहा ओळींचा तक्ता केला. केंद्र न लिहिलेला रुग्ण निकालात आलाच नाही. ग्रुपबाय ही पांडाजची गट करायची आज्ञा गटाचा रकाना रिकामा असलेल्या ओळी मुळातच सोडते, 'ड्रॉपएनए' बंद करावं लागतं, हे मी विसरूनच गेले होते. खऱ्या डेटावर बघितलं तर असे १७ रुग्ण निघाले. त्यांची नावनिशी माझ्याकडे नाही, म्हणून क्रमांकांची यादी डॉक्टरबाईंना दिलीय. त्या मूळ कागद काढून केंद्रं भरून देणार आहेत. तारखांचं आज बघायला घेते.