अनुभव धागा : विद्यापीठातला संगणक आणि तो चालू ठेवणारी माणसं

विद्यापीठात संगणक बिघडला की आपण हेल्पडेस्कला फोन करतो, कुणीतरी येतं, काम करून जातं, आणि ते कोण होतं हेही आठवत नाही. मी अकरा वर्षं त्या फोनच्या पलीकडे बसते आहे. ह्या धाग्यात दोन्ही बाजूंचे अनुभव हवे आहेत. काय बिघडलं, डोळ्यांना नेमकं काय दिसलं, कशाने सुटलं. दिसलं ते नीट लिहा, निम्मी दुरुस्ती तिथेच होते. सुरुवात माझ्यापासून.

लांबलचक सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली आणि पहिल्याच तासाला तक्रार, "नेट बंद आहे." केबल ठीक, नेटवर्क स्विचचे दिवे लुकलुकत होते, पिंगला (दुसरं मशीन पोचतं का हे विचारणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर येत होतं. तरी एका रांगेतल्या आठ जुन्या मशीनवर एकही साइट उघडेना. तासभर आम्ही नेटवर्क उकरत बसलो. शेवटी मागे उभी असलेली पहिल्या वर्षाची मुलगी म्हणाली, "मॅडम, इथे कोपऱ्यात २००९ साल दिसतंय." मदरबोर्डवरचे सीआर२०३२ सेल संपले होते. ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, बटणासारखा सेल. रोज वीज असते तोवर कळत नाही. सुट्टीत मेन स्विच बंद होता आणि घड्याळ फक्त त्याच्याच जिवावर होतं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. मशीनच्या लेखी साल २००९, म्हणजे ती मुदत सुरूच झाली नव्हती, म्हणून ब्राउझर अडून बसला होता. आठही सेल बदलले. तेव्हापासून फोन आला की मी आधी म्हणते, "स्क्रीनवर काय आलंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवा."

*

मी शरीरविकृतिशास्त्र शिकवतो. तासाला ऊतींच्या स्लाइड दाखवतो. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. एके दिवशी पडद्यावर निळं काही उरलंच नाही आणि पांढरी जागा पिवळी झाली. मला वाटलं प्रोजेक्टरचा दिवा गेला. तंत्रज्ञ आला, पडद्याकडे बघूनच म्हणाला, "सर, निळा येत नाहीये." प्रोजेक्टरला चित्र नेणाऱ्या व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी तिसरी निळ्या रंगाची असते, ती वाकली होती. त्याने खिशातली शिसं आत-बाहेर होणारी मेकॅनिकल पेन्सिल काढली, शिसं आत ढकललं आणि तिचं पोकळ टोक पिनेवर चढवून अलगद सरळ केली. मुलं श्वास रोखून बघत होती. माझा तास वाचला.

*

पीएचडीचं तिसरं वर्ष. हार्ड डिस्कमधून टक टक आवाज यायला लागला. मी पुन्हा पुन्हा चालू करून बघत होते. हेल्पडेस्कच्या ताईंनी फोनवरच सांगितलं, "आत्ताच्या आत्ता बंद करा, परत चालू करू नका." आतला हेड तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक चालू करण्यागणिक आणखी माहिती जाते. दोन प्रकरणं परत मिळाली, एका हंगामाची मोजमापं गेली ती गेलीच. आता तीन प्रती ठेवते, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

*

परदेशी परिषदेला गेले, लॅपटॉप उघडला आणि तो आपोआप एड्युरोमला, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांच्या सामायिक वायफायला, जोडला गेला. पासवर्ड तपासायला माझ्याच विद्यापीठाकडे जातो, हे तेव्हा कळलं. परक्या गावात फार आधार वाटला.

*

मला दिसत नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबलं की सुरू होतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या मशीन रीस्टार्ट झाल्या की मूळ स्थितीत परत जायच्या, त्यामुळे माझं इन्स्टॉल केलेलं रोज पुसलं जायचं. तासाची पहिली वीस मिनिटं त्यातच जायची. मी पेन ड्राइव्हवर पोर्टेबल आवृत्ती ठेवली, तर सुरक्षेसाठी यूएसबी बंद केले. वर्षभर अर्ज दिले. मग एक नवीन तंत्रसहायक शेजारी बसला, मी काय करतो ते पूर्ण तासभर ऐकलं, आणि आठवड्याभरात सगळ्या मशीनच्या मूळ इमेजमध्येच, म्हणजे रीस्टार्टनंतर मशीन ज्या साच्यावर परत जाते त्यातच, एनव्हीडीए टाकलं. त्या दिवशी मी इतरांबरोबर तास सुरू केला.

*

मी तंत्रसहायक. "मेलबॉक्स भरली, इथे पासवर्ड द्या" असा फसवा मेल दर परीक्षेच्या आधी येतो. एका प्राध्यापिकेने पासवर्ड दिला आणि पाच मिनिटांत मला फोन केला. खातं लगेच बंद करता आलं, तिच्या नावाने एकही मेल बाहेर गेला नाही. चूक झाली तर असाच फोन करा, आम्ही रागावत नाही.

*

धागाकर्ती : एनव्हीडीएचा अनुभव वाचून आज आमच्या प्रयोगशाळेत जाऊन पाहिलं. एकाही मशीनवर नाही. अकरा वर्षांत मला ते सुचलं नाही, ह्याचं वाईट वाटतं. सोमवारी नवी इमेज चढवतो आहोत. आणखी काय लागतं, मराठी वाचणारा कोणता आवाज बरा, ते सविस्तर लिहाल का?