जाखडी चालू असताना कॅमेरेवाल्याचा लाईट: हवा की नको?

खळ्यातला
गौरी-गणपती झाले, चाकरमानी परतले, आता भांडायला सवड आहे.

यंदा आमच्या वाडीत (रत्नागिरी तालुका) जाखडीच्या, म्हणजे गौरी-गणपतीत गाण्यावर गोल फिरत नाचायच्या नाचाच्या, रात्री एका शूटिंगवाल्याने स्टँडवर एलईडी पॅनल लावलं. छातीच्या उंचीवर, थेट रिंगणात. पोरं गोल फिरत त्या बाजूला आली की डोळे मिटायची. एकाचा ठेका चुकला, मागचा त्याच्यावर आदळला. बुवा गाता गाता ‘खाली कर, खाली कर’ असं हाताने सांगतायत, आणि हा गडी स्क्रीनमध्ये डोकं घालून.

माझं म्हणणं: नाच चालू असताना कॅमेरेवाल्याने स्वतःचा दिवा लावू नये. आहे त्या उजेडात होतं.

अडचण उजेड कमी असण्याची नाहीच, तो सारखा नसण्याची आहे. मांडवाच्या खांबाला एक हॅलोजन. जवळून जाणारा गडी त्याच्यापासून 2 मीटरवर, रिंगणाच्या पलीकडचा 6 मीटरवर. अंतर तिप्पट म्हणजे उजेड नऊ पट कमी, तीन स्टॉपांहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) थोडा जास्तच फरक. आणि जाखडीत कुणी एका जागी थांबत नाही. प्रत्येक चेहरा दर फेरीला उजेडातून काळोखात जातो. मोबाईल ऑटोवर असला की तो या चेहऱ्यांच्या मागे धावतो आणि सगळा व्हिडिओ श्वास घेतल्यासारखा उजळतो-विझतो. म्हणून उजेडातल्या चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक करा. पलीकडचे काळे पडले तर पडू देत, डोळ्यालाही ते तसेच दिसतात.

शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) 1/50 सेकंद, सेकंदाला 25 फ्रेम. आपली वीज 50 हर्ट्‌झची, दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. 1/50 मध्ये बरोबर दोन लुकलुकी बसतात, 1/60 ठेवलंत की पट्टे दिसू शकतात. झूम करू नका. कमी उजेडात बरेच फोन झूमची लेन्स वापरतच नाहीत, मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा.

पॅनलवाला
तो मी नव्हे, पण मीही पॅनल लावतो आणि लावणार. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) 6400 ला नेऊन काढलेला, दाणेदार व्हिडिओ तुमच्या लॅपटॉपवर बरा दिसत असेल. तोच व्हॉट्सॲपवर गेला की दाण्यांचा चिखल होतो, कारण फाईल बारीक करताना तो दाणाच आधी बिघडतो. डोंबिवलीत बसलेली आई विचारते, ‘माझा बाबू कुठला यातला?’ तिला काय सांगू, डोळ्यालाही तसंच दिसतं म्हणून?

आणि आहे तो उजेड म्हणजे नक्की कुठला? एके काळी गॅसबत्तीवर नाचायचे. मग ट्यूब आली, हॅलोजन आला, आता रंग बदलणारे एलईडी. तेव्हा कुणी धागा काढला होता का? माझ्याच दिव्याला सोवळं का?

चाळ
मी नाचतो, म्हणून बोलतो. गॅसबत्ती डोक्यावर टांगलेली असायची, पॅनल डोळ्यांसमोर असतं. पॅनलसमोरून गेलो की पुढची चार-पाच पावलं काहीच दिसत नाही. भाद्रपदातली जमीन, मांडवाचा पत्रा एका कोपऱ्यात गळणारच. एका पायात चाळ, पाय जोरात आपटायचा, आणि खाली ओल आहे की नाही ते कळत नाही. आईला बाबू दिसावा हे खरं, पण तो पाय मुरगळून बसलेला नको.

खळ्यातला, तुमचंही एक पटलं नाही. 1/50 ला आमचे पाय म्हणजे नुसता धूर. जाखडी पायांत आहे हो. 1/100 करा, पट्टे तिथेही येत नाहीत.

खळ्यातला
कबूल, पण त्यात उजेड निम्मा जातो. पायांचे दोन-चार तुकडे 1/100 ला घेतो, बाकी 1/50. थोडा धूर मला आवडतो, वेग त्यातच दिसतो. ही माझी आवड, नियम नव्हे.

गॅसबत्तीचा मुद्दा मात्र पॅनलवाल्यांनी बरोबर मारला. त्यावर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की तो दिवा बघायला बसलेल्यांसाठी होता.

बाकड्यामागचो
मी सिंधुदुर्गातलो. आमच्याकडे दशावतारात लाईट मंडपवालो लावता, शूटिंगवालो गुमान कोपऱ्यात उभो रवता. तुमचो वाद ऐकान हसाक येता. एकच सांगतंय: राजा लाल उजेडात इलो की फोनार त्याचा तोंड म्हणजे नुसतो लाल डाग, नाक-डोळे कायच नाय. तेव्हा एक्स्पोजर आधीच कमी करून ठेवा, मागाहून ता परत येणा नाय.

पॅनलवाला
हे खरंय, लालमध्ये माझीही दोन लग्नांची वरात वाया गेलीय.

बरं, पॅनल नको म्हणता तर मार्ग सांगा. नुसतं ‘नको’ म्हणून माझं बिल निघत नाही.

खळ्यातला
नाच सुरू व्हायच्या आधी मांडववाल्याशी बोला. हॅलोजन रिंगणापासून आणखी 4 मीटर मागे आणि जमेल तितका वर न्यायला सांगा. मग जवळचा 6 वर, लांबचा 10 वर. नऊ पटींचा फरक तीन पटींच्या आत येतो. एकूण उजेड घटतो, म्हणून शक्य तर तिथे दुसरा हॅलोजन जोडायचा. तो तुमचा असला तरी हरकत नाही.

पॅनलवाला
म्हणजे माझा दिवा चालतो! एवढा धागा कशाला काढलात मग?

चाळ
मागून आणि वरून चालतो. समोरून नाही. आणि मध्येच चालू-बंद करायचा नाही, गण (सुरुवातीचं गणपतीचं गाणं) सुरू व्हायच्या आधी लावला तो सवाल-जवाब संपेपर्यंत तसाच.

पॅनलवाला
आमच्या गावात मागे 4 मीटर जागाच नसते, मागे थेट गोठा. पॅनल पांढऱ्या चादरीवर मारून उजेड परत आणला तर? मऊ पडेल, डोळ्यात जाणार नाही. शिमग्याला नमनात (कोकणातला नाच-सोंगांचा खेळ) करून बघतो.

चाळ
बघा. चादर मात्र घरून आणा, आमच्याकडची गणपतीच्या मखरामागे लावलेली असते.