जुन्या लॅपटॉपवर मिंट : यूट्यूब गचके खाते, दोष कोणाचा?

कोरडवाहू : गावच्या अभ्यासिकेतले लॅपटॉप म्हणजे इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर (सीपीयू), ४ जीबी रॅम, लिनक्स मिंट ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम अन् फायरफॉक्स ब्राउझर. एमपीएससीचे तास ७२०पी वर गचके खातात, की लोक लिनक्सलाच शिव्या देतात. दोष कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीचा आहे. यूट्यूब व्हीपी९ नाहीतर एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये व्हिडिओ पाठवते. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ चे पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायची वेगळी सोय) सातव्या पिढीपासून आले, एव्ही१ चे अकराव्या. तिसरीत एच२६४ या जुन्या कोडेकचे तेवढे आहे. यूट्यूबला एच२६४च पाठवायला लावणारे 'एच२६४इफाय' एक्स्टेंशन सगळीकडे टाका अन् मोकळे व्हा.

पळसफूल : मोकळे कसे होता भाऊ, नेट तर मोबाइलच्या हॉटस्पॉटचे! तेवढ्याच दर्जाला एच२६४ जास्त डेटा खाते. सेकंदाला १ मेगाबिट म्हटले तरी तासाला ४५० एमबी; दिवसाचा दीड जीबीचा पॅक साडेतीन तासही पुरत नाही. ४८०पी ठेवा. एवढे व्हीपी९ तो आय३ हार्डवेअरशिवायही ओढतो.

कोरडवाहू : ४८०पी वर नकाशाचा तास लावून पाहा. वर्धा कुठली अन् वैनगंगा कुठली, नावांचा नुसता चिखल. शिवाय लाइन गेली की सगळे बॅटरीवर, अन् डिकोडिंग सीपीयूवर पडले की ती झपाट्याने उतरते.

सालई : न मोजताच भांडता राजेहो. व्हिडिओवर राइट क्लिक करा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या ओळीत एव्हीसी१ (म्हणजे एच२६४), व्हीपी०९ की एव्ही०१ ते दिसते. 'ड्रॉप्ड' चा, म्हणजे गाळलेल्या चित्रांचा आकडा दोन मिनिटे पाहा. वाढत नसेल तर काहीच बदलू नका.

वाढत असेल तरी नुसत्या एक्स्टेंशनने भागत नाही. टर्मिनलमध्ये 'व्हीएइन्फो' ही आज्ञा चालवा. एच२६४ च्या ओळीपुढे 'व्हीएलडी' (डिकोडिंगची खूण) दिसले नाही तर चिपची ती सोय वापरू देणारा ड्रायव्हर नाही. चौथ्या पिढीपर्यंत 'आय९६५' वाला व्हीए ड्रायव्हर लागतो. 'इंटेल-मीडिया' वाला पाचवीपासून पुढे चालतो. बरेच जण नवा म्हणून हाच टाकतात अन् सगळा भार परत सीपीयूवर. मग फायरफॉक्सच्या 'अबाउट:सपोर्ट' मध्ये, मीडिया विभागात, एच२६४ समोर हार्डवेअर डिकोडिंग आले का बघा.

पळसफूल : एवढा खटाटोप काहून? एमपीव्ही या प्लेअरला लिंक द्या, सोबत यूट्यूबचा व्हिडिओ ओढून देणारे वायटी-डीएलपी. ब्राउझरचे ओझेच नको.

सालई : यूट्यूबने आतून काही बदलले की जुने वायटी-डीएलपी बंद पडते, अन् मिंटच्या सॉफ्टवेअर भांडारातले बहुतेक जुनेच असते. अभ्यासिकेत ते अपडेट कोण करत बसेल?

कोरडवाहू : अन् नेटफ्लिक्स? तिथे एमपीव्ही चालतच नाही. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डीआरएमची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) टिक लावली की वाइडवाइन, म्हणजे ते कुलूप उघडणारा बंद घटक, उतरतो.

पळसफूल : म्हणजे मुक्त प्रणालीत बंद पेटी आणून बसवायची! अभ्यासिकेत नेटफ्लिक्स लागतेच कशाला? ती टिक काढूनच ठेवा. एच२६४ चे म्हणाल तर नकाशाच्या तासापुरते मान्य, पण एक्स्टेंशन कायम चालू नको.