मदत हवी आहे: मिशनची एकच गाडी, अख्खं गाव, आणि मला नाही म्हणता येत नाही (टांझानिया)

नमस्कार मंडळी,
इथं बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे शुद्धलेखन आणि पाल्हाळ दोन्ही सांभाळून घ्या. मी मूळ वसईचा, कॅथलिक धर्मगुरू. गेली चार वर्षं पश्चिम टांझानियात, तबोरा शहरापासून रस्ता कोरडा असेल तर तीन तासांवरच्या एका खेड्यात आहे. पावसात किती तास ते विचारू नका, एकदा चिखलातच मुक्काम झालाय. एक मुख्य चर्च आणि अकरा छोटी प्रार्थनाघरं माझ्याकडे आहेत, सगळ्यात लांबचं बावन्न किलोमीटर.

प्रश्न गाडीचा आहे. म्हणजे गाडी बिघडलीय असं नाही (तीही बिघडलीय, ते नंतर). माझ्या आधीचे फादर युरोपातले होते, त्यांच्या गावच्या लोकांनी वर्गणी काढून ही लँड क्रूझर घेऊन दिली. तेव्हा टायर फाटला की पत्र जायचं आणि टायरचे पैसे यायचे. माझ्या गावची माणसं प्रेमळ आहेत, इकडे कोणी येणार असेल तर आठवणीने सुकेळी पाठवतात, पण डिझेल कुठून पाठवणार? हे इथल्या लोकांना पटत नाही. इथं भारतीय म्हणजे म्हिंदी, आणि म्हिंदी म्हणजे शहरातला दुकानदार, म्हणजे पैसेवाला. त्यात मी पाद्री, म्हणजे डबल.

आसपासच्या चार गावांत चारचाकी ही एकच. त्यामुळे बाळंतीण, ताप, साप चावला, मयत आणायचीय, मयतीला जायचंय, मक्याची पोती गिरणीत न्यायचीत, नवरीची बहीण स्टेशनवर उतरलीय, सगळे माझ्या दारात. इथं दार वाजवायची पद्धत नाही, बाहेर उभं राहून "होडी! होडी!" म्हणायचं आणि आतल्याने "करिबू" म्हणायचं. पहिल्या आठवड्यात मी रात्री दोनला दचकून उठलो होतो, समुद्रापासून एवढ्या लांब होडी कुठून आली म्हणून. (आणि दोनला इथं दोन म्हणत नाहीत, आठ म्हणतात. दिवस सहाला सुरू होतो म्हणून सातला एक वाजतो. मी एकदा पाहुण्यांची तीन वाजेपर्यंत वाट बघत बसलो आणि ते सकाळी नऊलाच येऊन वैतागून परत गेले होते.)

आता खरी गोष्ट. मार्चमध्ये पाऊस कोसळत होता आणि रात्री होडी आली. खिडकीतून पाहिलं तर ओळखीचा माणूस, तोंडाला दारूचा वास, आणि हाच माणूस आदल्या आठवड्यात असाच रात्री येऊन लग्नाला सोडा म्हणत होता. मी दिवसभर दोन प्रार्थनाघरं करून आलो होतो, अंगात कणकण होती. त्याचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, खिडकीतूनच "केशो" म्हणालो, म्हणजे उद्या, आणि झोपलो. त्याच्या चार वर्षांच्या पोराला मलेरियाचे झटके येत होते. सायकलच्या कॅरिअरवर बायको पोराला घेऊन बसली, हा चिखलातून सायकल ढकलत निघाला, नशिबाने पहाटे तंबाखूचा ट्रक भेटला. पोरगं वाचलं. तो माणूस दर रविवारी येतो, शेवटच्या बाकावर बसतो, हात मिळवतो, "असांते पाद्री" म्हणतो, म्हणजे धन्यवाद. एवढंच. मला त्याच्याकडे बघवत नाही.

तेव्हापासून जो येईल त्याच्यासाठी मी काही न विचारता गाडी काढतो. गेल्या महिन्यात १८०० किलोमीटर झाले, त्यातले माझ्या कामाचे सहाशेसुद्धा नाहीत. सव्वादोनशे लिटर डिझेल, लिटरला तीन हजार शिलिंगच्या आसपास, म्हणजे पावणेसात लाख शिलिंग (लाखाला इथं लाकीच म्हणतात). रुपयाला तीसेक शिलिंग धरा. आणि रविवारचं दान पंचेचाळीस-पन्नास हजार शिलिंग, वर दोन-तीन कोंबड्या आणि शेंगा. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर चर्चबाहेर त्यांचा लिलाव होतो. पाय बांधलेला कोंबडा वेदीसमोर फडफडत असताना गंभीर चेहऱ्याने प्रार्थना म्हणायची सवय मला अजून झालेली नाही.

तर विचारायचं असं की गावात अशी एकच गाडी, एकच ट्रॅक्टर किंवा एकच काहीही असलेल्या लोकांनी नियम कसे लावले? आणि नाही कसं म्हणायचं? माझी स्वाहिली प्रवचनापुरती बरी आहे, पण नकार द्यायला गेलो की ती कोर्टातल्यासारखी होते.

*

म्वांझा_रिटर्न:
फादर, मी म्वांझाला सहा वर्षं होतो, कापसाच्या जिनिंगच्या मशिनरीत. दोन गोष्टी. पहिली, बाळंतिणीसाठी ११५ नंबर लावा, फुकट आहे. एम-मामा म्हणून सरकारी योजना आहे, ते आधी ॲम्ब्युलन्स बघतात, नसेल तर त्यांच्याकडे नाव नोंदवलेल्या जवळच्या गाडीवाल्याला पाठवतात, आणि पेशंट पोचवला की त्याचे पैसे मोबाइलवर येतात. गरोदर बाई, नुकती बाळंत झालेली आणि तान्हं बाळ एवढ्यांसाठीच आहे, तापाच्या पोराला चालणार नाही. पण तुमच्या रात्रीच्या होड्यांपैकी बऱ्याच त्यातच असणार. तुमच्या दवाखान्यातल्या नर्सला माहिती असेल, तिला विचारून तुमचीच गाडी नोंदवता येते का बघा, म्हणजे त्या फेऱ्यांचं डिझेल तरी सुटेल.
दुसरी गोष्ट नकाराची. "हापाना" म्हणजे थेट नाही म्हणू नका, ते तोंडावर दार आपटल्यासारखं लागतं. तिकडे "बादो" म्हणतात, अजून नाही. लग्न झालं का विचारलं तरी बादो. साठीच्या म्हाताऱ्यालाही बादोच म्हणताना ऐकलंय.
बाकी गावात बजाजी आली की नाही? तीनचाकी रिक्षाला तिकडे बजाजीच म्हणतात, आमच्या आकुर्डीवाल्यांची छाती फुगते.

पाद्री_वसईकर (धागाकर्ता):
११५ मला माहीत नव्हता, चार वर्षांत कोणी बोललं नाही, शरमच वाटली. बजाजी आमच्या रस्त्यावर उलटी होईल. बोडाबोडा म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली आहेत पाच-सहा, त्याही तुमच्या पुण्याकडच्याच. बादोचं मात्र गंमत आहे, माझ्या लग्नाचं विचारतात तेव्हा आता तेच सांगावं की काय!

सडेतोड_बंड्या:
धर्मांतर करायला गेलात, आता फुकट गाडी मागतात म्हणून रडताय. आमिष दाखवलं की असंच होणार.

पाद्री_वसईकर:
बंड्याभाऊ, तबोऱ्याला पहिले व्हाइट फादर्स (कॅथलिक मिशनऱ्यांचा संघ) १८७८ मध्येच येऊन गेलेत. इथल्या आज्या मला तेरा कडव्यांची गाणी तोंडपाठ शिकवतात, मी कोणाचं काय बदलणार. गाडीत बसताना मी धर्म विचारत नाही, गावातला मशिदीचा शिक्षक महिन्यातून दोनदा पुढच्या सीटवर असतो आणि सगळ्या रस्ताभर माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवतो. आमिष असतं तर निदान त्याने तरी डिझेल टाकलं असतं.

पुणेरी_काकू:
बंड्या, विषय गाडीचा आहे. फादर, तुम्ही लिहा. आणि अंगात कणकण असताना तपासणी करून घेता ना?

मेळघाटचा_डॉक्टर:
आमच्याकडे जीप होती, तीही सगळ्यांची. रात्रीचा निर्णय झोपेतल्या माणसाने घ्यायचाच नाही, प्रश्न आधी ठरलेले हवेत. लहान मुलासाठी चारच: झटके आले का, पाणी किंवा अंगावरचं दूध पिता येत नाही का, पोटात काहीच ठरत नाही का, आणि मूल मलूल किंवा बेशुद्ध आहे का. एकालाही हो आलं की लगेच गाडी, बाप प्यायलेला असो नाहीतर खोटारडा असो. हे चार प्रश्न तुमच्या प्रत्येक वस्तीवरच्या माणसाला पाठ करायला लावा, म्हणजे होडी म्हणणाराच उत्तर घेऊन येईल. झटके येणाऱ्या लहान मुलाला मोठ्या दवाखान्यात न्यायच्या आधी गुदमार्गातून द्यायची आर्टेसुनेटची (मलेरियावरच्या औषधाची) कॅप्सूल असते, तुमच्या दवाखान्यात ती आहे का हे नर्सला विचारा. वाटेतले दोन तास त्याने पदरात पडतात.
आणि फादर, त्या माणसाच्या घरी जा. दुसऱ्यांची कबुली ऐकता, तुमची कोण ऐकणार?

झांबियातली_सिस्टर:
फादर, मी अहमदनगरची, झांबियात अकरा वर्षं झाली. चावी तुमच्या खिशात आहे हाच घोळ आहे. आमच्या मिशनवर कमिटी आहे, पाच जणांची, त्यात दोन बायका हव्यातच कारण पुरुष पोत्यांना हो म्हणतात. आमचे नियम भिंतीवर रंगवलेत. पेशंट: नर्सची चिठ्ठी असेल तर फुकट. मयत: डिझेल घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून. पोती, लग्न, पाहुणे: कधीच नाही, बिशपचा पाहुणा आला तरी नाही. हे शेवटचं पाळलं नाही तर वरचं कोणी पाळत नाही, मी अनुभवाने सांगते.
आणि गाडीत वही ठेवा. कोण, कुठे, किती किलोमीटर. महिन्याला ती चर्चमध्ये मोठ्याने वाचा. तुम्ही हिशेब दाखवत नाही तोवर लोक म्हणणारच की पैसा कुठूनतरी येतोय.

पाद्री_वसईकर:
सिस्टर, बिशपच्या पाहुण्याचं बरोबर नेम धरून मारलंत. गेल्या वर्षी जूनमध्ये तेच झालं होतं. पोत्यांना नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना फिरवलं, गावभर झालं की पाद्री माणसं बघून गाडी काढतो. चूक माझीच.

*

पाद्री_वसईकर (पाच आठवड्यांनी):
अपडेट देतोय, उशीर झाला, वीज आणि नेटवर्क एकाच दिवशी असायला मुहूर्त लागतो.

वही वाचली. १८०० म्हटल्यावर कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, मग आमच्या कॅटेकिस्टने (हा गावातलाच माणूस, मी नसताना प्रार्थना घेतो) उठून सांगितलं की पाद्री एका महिन्यात पार समुद्रकाठच्या दार एस सलामला जाऊन जवळजवळ परत आलाय. तेव्हा मात्र कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, मग येताना मीठ का नाही आणलंस. हसले सगळे, पण त्यानंतर छोट्या गटांनी (दहा-पंधरा घरांचा एकेक प्रार्थनेचा गट असतो, मयत-आजारपण तेच बघतात) आपणहून वर्गणीचं काढलं. आत्ता कोणाकडे नाही, तंबाखूचे पैसे हातात आले की देऊ म्हणालेत. तोवर बादो.

कमिटी झाली. सिस्टर, दोन बायका घेतल्या. अध्यक्षांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःची सात पोती मका गाडीत भरून ठेवला होता. आमच्या नर्सबाईंनी कमरेवर हात ठेवून भर बाजारात उतरवून घेतला, मी लांबून बघत होतो, मध्ये पडलो नाही. मला वाटतं चार वर्षांतलं माझं हे सगळ्यात चांगलं काम असेल.

११५ चालतो! एक बाळंतीण मी झोपेत असतानाच पोचली, सकाळी कळलं. अडचण एवढीच की फोनला रेंज चर्चमागच्या वारुळावर चढलं तरच मिळते. वारूळ म्हणजे आपल्याकडचं नव्हे, डोक्याच्या वर जातं. तिथं पायऱ्या खणल्यात.

डॉक्टर, मी त्याच्या घरी गेलो. त्याने स्टूल दिलं, बायकोने भाजलेल्या शेंगा आणि वाळलेले दगा आणले. दगा म्हणजे तळ्यातली बारीक सुकी मासळी, वास थेट आमच्या घरच्या सुकटीचा, त्यानेच आधी घसा दाटला. मी "सामाहानी" म्हणालो, माफ कर, त्या रात्री मी तुझं ऐकायला हवं होतं. तो बराच वेळ शेंगा सोलत बसला. मग म्हणाला, "इलिकुवा उसिकू, पाद्री." रात्र होती, पाद्री. आणि यंदा पाऊस कसा उशिरा गेला यावर बोलायला लागला. पोरगं बाहेर माझ्या गाडीच्या बंपरवर बसून हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवत होतं.

म्वांझावाले, तुम्ही भाषा जास्त जगलात. "रात्र होती" म्हणजे त्याने सोडून दिलं, की रात्र होती म्हणूनच तर तुझ्या दारात आलो होतो असं म्हणाला?

म्वांझा_रिटर्न:
फादर, दोन्ही निघू शकतं. पण शेंगा सोलून स्वतः खाल्ल्या की तुमच्यापुढे ठेवल्या?

पाद्री_वसईकर:
माझ्यापुढे ठेवल्या. सगळ्या. मी नंतर मोजत बसलो नाही पण ओंजळभर होत्या.

म्वांझा_रिटर्न:
मग परत जा. मीठ घेऊन जा.

पाद्री_वसईकर:
जातो. आता गाडीचं, वर नंतर म्हटलं होतं ते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधला मोठा पाटा तुटलाय, आमच्या मेकॅनिकने टायरच्या रबराने बांधून दिलाय आणि म्हणतो महिनाभर बघायला नको. असं बांधून बावन्न किलोमीटर चिखलातून जाणं कितपत बरं, कोणी जाणकार आहे का इथं? नवीन पाटा तबोऱ्याहून आणायला पुन्हा गाडीच

थांबा, बाहेर होडी आलीय. बघून येतो.